शिडी मागायला शिका: साधं राहणं आणि माणसं जोडणं, नवख्यांसाठी

साधेपणाने राहायचं ठरवलं की बहुतेक जण पहिला हात घालतात तो कपाटाला. दोन दिवस घर उपसतात, पिशव्या भरभरून सामान बाहेर काढतात, रिकाम्या फळ्यांचे फोटो काढतात आणि सहा महिन्यांत त्याच फळ्या पुन्हा भरतात. यात आळसाचा प्रश्न नसतो. ज्या कारणाने सामान घरात येत होतं, ते कारण जागच्या जागी राहिलेलं असतं.

ते कारण समजून घ्यायला शिडी पुरेशी आहे. पंखा पुसायला, दिवा बदलायला, माळ्यावरची बॅग काढायला शिडी लागते. वर्षातून चार-सहा वेळा, प्रत्येक वेळी फार तर अर्धा तास. तरीही एकाच जिन्यावरच्या दहा घरांत दहा शिड्या उभ्या असतात, कारण शेजारचं दार वाजवून शिडी मागण्यापेक्षा दुकानातून आणणं सोपं वाटतं. पैसे टाकले की कोणाचं तोंड बघावं लागत नाही. अशा एकेका न मागितलेल्या वस्तूने घर भरत जातं आणि ओळखी आटत जातात. म्हणून या लेखात सामान कमी करणं आणि माणसांची गरज पुन्हा लागू देणं, ही दोन्ही कामं एकच धरली आहेत. एकट्याने साधं राहताही येतं, पण ते महाग पडतं. सगळं स्वतःपाशी ठेवावं लागतं.

माणसांची गरज ही नुसती हळवी बाब नाही. ज्युलियान होल्ट-लनस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली १४८ अभ्यासांची एकत्र छाननी केली. त्यात तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती होती. नाती भक्कम असलेल्यांची, त्या त्या अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता नाती विरळ असलेल्यांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५च्या अहवालात जगातल्या दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो असं म्हटलं आहे. आकडे सरासरीचे आहेत, कोणा एकाचं भविष्य त्यांवरून सांगता येत नाही. पण हे काम ‘वेळ मिळाला तर बघू’ या यादीत टाकण्यासारखं नाही, एवढं त्यांवरून नक्की कळतं.

पायरी १: आधी वेळ मोकळा करा

कपाटाच्याही आधी संध्याकाळ रिकामी करायची. मैत्रीला वेळ लागतो हे सगळ्यांनाच माहीत असतं. किती लागतो, ते जेफ्री हॉल यांनी २०१८ साली मोजून बघितलं. नव्या ठिकाणी राहायला आलेली माणसं आणि विद्यापीठात नुकतेच दाखल झालेले विद्यार्थी त्यांनी अभ्यासासाठी घेतले होते. नुसत्या ओळखीतून जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास, खरीखुरी मैत्री व्हायला ९० तास आणि जिवाभावाची व्हायला २०० तासांहून जास्त, असा त्यांचा अंदाज. कामाच्या निमित्ताने शेजारी बसून काढलेले तास यात फारसे उपयोगी पडत नाहीत, हेही त्यांना दिसलं. आता हिशोब करा. एखाद्या माणसाला आठवड्याला एक तास दिला, तर वर्षभरात गाडी जुजबी मैत्रीपर्यंत पोचते. हा तास कुठून आणणार, हाच पहिला प्रश्न.

एक आठवडाभर काहीही न बदलता फक्त नोंद ठेवा. रात्री झोपण्याआधी, संध्याकाळी सहापासून पुढचा वेळ कुठे गेला ते दोन ओळींत लिहायचं. ‘सव्वासात ते नऊ, मोबाइल, काय बघितलं आठवत नाही’ अशी ओळ लिहिताना थोडी लाज वाटते, तेवढं चालेल. आठवड्यानंतर एकच गोष्ट खोडायची: मनात नसताना चालवलेला एखादा क्लास, जिथे आपण नुसती खुर्ची अडवतो अशी एखादी समिती, किंवा रोजची ती आठवत नसलेली पावणेदोन तासांची बैठक. एका संध्याकाळचे दोन तास सुटले की पुरे. ते कॅलेंडरवर ‘राखीव’ म्हणून लिहा आणि तिथे दुसरं काम घुसू देऊ नका. नाहीतर मोकळा वेळ दिसला की घरातलेच आधी त्यावर हक्क सांगतात.

मोबाइलबद्दल दोनच गोष्टी. चार्जर झोपायच्या खोलीबाहेर ठेवा, आणि सूचना फक्त माणसांच्या येऊ द्या, अ‍ॅपच्या बंद करा. बाकी या विषयावर इतकं लिहिलं गेलंय की मी इथेच थांबते.

सवय लागायला किती दिवस? २१ दिवसांची गोष्ट सगळीकडे फिरते. लंडनमध्ये झालेल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने विशेष काही बिघडत नाही, असंही त्यात आढळलं. तेव्हा तिसऱ्या आठवड्यात ‘आपल्याच्यानं होत नाही’ असं म्हणून वही बंद करू नका.

पायरी २: मग सामान, पण फेकायच्या हिशोबाने नाही

रिचर्ड ग्रेग हे अमेरिकन गृहस्थ १९२५ साली भारतात आले आणि गांधीजींच्या सहवासात राहिले. पुढे १९३६ साली त्यांनी ‘स्वेच्छेने स्वीकारलेला साधेपणा’ या कल्पनेवर एक निबंध लिहिला. आजच्या बहुतेक चर्चेचं मूळ तिथपर्यंत जातं. त्यात त्यांनी एक प्रसंग सांगितला आहे. बाकी बऱ्याच गोष्टी सोडता येतील, पण पुस्तकं सुटत नाहीत, अशी अडचण त्यांनी गांधीजींपुढे मांडली. गांधीजींचं उत्तर असं होतं की मग सोडू नका; ज्या वस्तूपासून आतून आधार मिळतो ती ठेवा. कर्तव्य किंवा त्याग म्हणून सोडलेली वस्तू मनाला छळत राहते. साधेपणाच्या नावाखाली स्वतःवर आणि घरच्यांवर जुलूम करणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर लक्षात ठेवावा. नवऱ्याच्या, बायकोच्या, आईवडिलांच्या वस्तूंना त्यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हा माझा त्यात जोडलेला नियम.

सामानाचे तीन ढीग करा. पहिला, नेहमी लागणाऱ्या वस्तूंचा. त्याला हात लावू नका. दुसरा, क्वचित लागणाऱ्या पण चालू स्थितीतल्या वस्तूंचा: शिडी, ड्रिल, सायकलचा पंप, मोठी प्रवासी बॅग, जास्तीच्या घडीच्या खुर्च्या, शिवणयंत्र. तिसरा, आपल्याला लागतच नाहीत अशा वस्तूंचा. घर आवरण्याचे बहुतेक सल्ले तिसऱ्या ढिगावर खर्ची पडतात. खरा ऐवज दुसऱ्या ढिगात आहे. तो टाकायचा नाही. त्याची यादी करायची, कारण चौथ्या पायरीवर तोच कामाला येणार आहे.

तिसऱ्या ढिगातली एखादी वस्तू हातातून सुटत नसेल, तर त्यामागे एक ओळखीची खोड आहे. काहनेमन, क्नेच आणि थेलर यांनी १९९० साली प्रयोगाचे निकाल मांडले. त्यात काही जणांना कॉफीचा एक साधा मग दिला आणि तो कितीला विकाल असं विचारलं. बाकीच्यांना तोच मग कितीला घ्याल असं विचारलं. ज्यांच्या हातात मग होता त्यांनी साधारण दुप्पट किंमत सांगितली. वस्तू आपली झाली की तिचा भाव आपल्याच मनात चढतो. म्हणून ‘ही टाकू का?’ असं विचारूच नका. ‘ही आज माझ्याकडे नसती तर मी विकत आणली असती का?’ असं विचारा. उत्तर चटकन येतं.

आणि देताना चालू वस्तू द्या. मोडकी मिक्सरची भांडी आणि एकच बाही शिल्लक असलेले स्वेटर दुसऱ्याच्या दारात ठेवणं हे दान नव्हे, तो आपला कचरा त्यांना उचलायला लावणं आहे.

नवं सामान येण्याचा वेग कमी करायला एक वही पुरते. घ्यावीशी वाटलेली वस्तू तारीख घालून लिहायची आणि महिनाभर थांबायचं. त्या महिन्यात तीन माणसांना विचारायचं, ‘तुमच्याकडे आहे का?’ निम्म्या वेळी इच्छाच ओसरते, आणि उरलेल्यांतल्या कितीतरी वेळा वस्तू तिसऱ्या घरात निघते. एका वस्तूमागून दुसरी कशी येते, हे दिदेरो या फ्रेंच विचारवंताने १७६९ सालीच लिहून ठेवलंय. नवा झगा आला, त्याच्यापुढे जुनं मेज ओशाळं दिसायला लागलं, मग मेज बदललं, मग भिंतीवरची चित्रं, आणि शेवटी जुन्या झग्याच्या आठवणीने हळहळ.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. ज्यांच्या मिळकतीत महिनाच जेमतेम निघतो, त्यांना साधेपणाचे धडे देऊ नयेत. मागणं, देणं, दुरुस्त करणं, एकमेकांच्या मुलांकडे बघणं हे त्यांनी कधी सोडलेलंच नसतं. शिकायचंच असेल तर त्यांच्याकडून शिकावं.

पायरी ३: एकाच जागी, एकाच वेळी, पुन्हा पुन्हा दिसा

नव्या ठिकाणी माणसं कशी जोडायची असं विचारलं की लोक स्वभावावर बोलतात: मोकळं असावं, हसतमुख असावं. त्यापेक्षा जागेकडे लक्ष द्या. अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थी-वसाहतीत फेस्टिंजर, शॅक्टर आणि बॅक यांनी कोणाची कोणाशी मैत्री आहे ते तपासलं. १९५० साली ते प्रसिद्ध झालं. अगदी शेजारच्या दारात राहणाऱ्यांपैकी ४१ टक्क्यांनी एकमेकांना जवळचे मित्र म्हटलं, दोन दारं सोडून राहणाऱ्यांत हे प्रमाण २२ टक्के होतं, आणि मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत फक्त १० टक्के. स्वभाव तेच, काही पावलांचा फरक. जिन्यापाशी राहणाऱ्यांना वरच्या मजल्यावरचे मित्रही जास्त मिळाले होते, कारण येणारा-जाणारा त्यांच्या दारावरून जात होता.

डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड यांनी साधारण त्यानंतरच्या वीसेक वर्षांत सॅन फ्रान्सिस्कोमधल्या तीन रस्त्यांवर असंच काहीसं पाहिलं. कमी रहदारीच्या रस्त्यावरच्या रहिवाशाचे त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. जोरदार रहदारीच्या रस्त्यावर एकही पुरता भरत नव्हता. म्हणजे तुमच्या रस्त्यावर कोणी कोणाशी बोलत नसेल, तर दोष लोकांचाच असेल असं नाही.

याचा उपयोग असा करायचा. घर आणि काम सोडून तिसरी एक जागा निवडा, जिथे पायी जाता येईल आणि नुसतं बसून राहिलं तरी कोणी उठवणार नाही. वाचनालय, बाग, इमारतीच्या खालचा बाक, मैदानाचा कठडा. समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ साली अशा जागांना ‘तिसरं ठिकाण’ हे नावच दिलं. आठवड्यातले ठराविक दोन वार आणि ठराविक वेळ धरा. दर वेळी नवी जागा शोधत फिरलात तर दर वेळी अनोळखीच राहाल. पहिले काही आठवडे नुसती मान हलवायची. मग हवापाण्याचं बोलणं. मग एक दिवस नाव विचारायचं, आणि घरी येऊन ते लिहून ठेवायचं. गंमत म्हणजे कुत्रा फिरवायला आणणाऱ्यांच्या बाबतीत आपल्याला कुत्र्याचं नाव पाठ असतं, मालकाचं नसतं. माझ्या ओळखीतल्या एका बाईंच्या वहीत अशा नोंदी आहेत: ‘दुसरा मजला, डावं दार, मुलगी दहावीला, गुडघा दुखतो’. पुढच्या भेटीत गुडघ्याची चौकशी केली की समोरच्या माणसाचा चेहराच बदलतो.

अनोळखी माणसाशी बोलायला अवघड वाटतं, ते का, याचंही उत्तर मिळालेलं आहे. निकोलस एपली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी २०१४ साली शिकागोच्या आसपास रेल्वेने आणि बसने प्रवास करणाऱ्यांवर प्रयोग केले. शेजाऱ्याशी बोलत गेलो तर प्रवास कंटाळवाणा होईल असा लोकांचा अंदाज होता. ज्यांना खरंच बोलायला लावलं त्यांचा प्रवास गप्प बसलेल्यांपेक्षा बरा गेला. आपल्याला वाटतं समोरच्याला बोलायचं नाही. त्याला वाटतं आपल्याला बोलायचं नाही.

या वरवरच्या ओळखींना कमी लेखू नका. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली दाखवलं की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती रोज भेटणाऱ्या जवळच्या मित्राकडून मिळाली नव्हती, कधीमधी भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती. जवळच्यांना जे ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं.

पायरी ४: मागा

सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कामाची पायरी ही. शेजाऱ्यांना मदत करा असं सगळे सांगतात. पण मदत करायला सगळेच तयार असतात. मदत मागायला कोणी तयार नसतं, म्हणून गाडी अडते. नवख्या माणसाने देण्यापासून सुरुवात केली की समोरच्याला संकोच होतो, ‘हे का करतायत?’ असा संशयही येतो. मागण्यापासून सुरुवात केली की समोरच्याला मान मिळतो.

हे ऐकायला उलटं वाटतं, पण १९६९ साली जेकर आणि लँडी यांच्या प्रयोगात नेमकं हेच दिसलं. प्रयोगात बक्षिसाचे पैसे जिंकलेल्यांपैकी काहींना संशोधकाने स्वतः विनंती केली की माझे पैसे संपत आलेत, तेवढे परत देता का? पैसे परत देणाऱ्यांना तो माणूस इतरांपेक्षा जास्त आवडला. आणि नकाराची भीती? फ्लिन आणि लेक यांनी २००८ साली लोकांना अनोळखी माणसांकडून पाच प्रश्नावल्या भरून आणायला सांगितल्या. जाण्याआधी लोकांचा अंदाज होता की त्यासाठी वीसेक जणांना विचारावं लागेल. प्रत्यक्षात दहा-अकरा जणांत काम झालं.

मागायची एक रीत आहे. ‘कधीतरी मदत लागली तर सांगेन हं’ हे मागणं नव्हे, ती निरोपाची भाषा झाली. हे बघा:

‘काकू, शनिवारी सकाळी तासाभरासाठी तुमची शिडी मिळेल का? पंखे पुसायचेत. तुम्हालाच लागणार असेल तर राहू द्या, मी रविवारी बघेन.’

यात काय हवंय, कधी, किती वेळ आणि कशासाठी, सगळं आलं. आणि शेवटच्या वाक्यात काकूंना नाही म्हणायची वाट ठेवली आहे. ती वाट फार महत्त्वाची. नाही म्हणता येत नसेल तर ती विनंती राहत नाही, वसुली होते. काकू नाही म्हणाल्या तर ‘बरं, काही हरकत नाही’ म्हणून दुसऱ्या विषयावर दोन वाक्यं बोलायची आणि निघायचं. महिन्या-दोन महिन्यांनी वेगळंच काहीतरी विचारायला पुन्हा जायचं. पहिला नकार बहुतेक वेळा त्या दिवसापुरता असतो.

सुरुवात सल्ल्यापासून केली तरी चालते. ‘तुमच्याकडे नळाचं काम कोणी केलं? बरं करतो का?’ या प्रश्नाला नाही म्हणणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. उलट त्या नळवाल्याचा पूर्ण इतिहास ऐकायला मिळतो.

वस्तू आणली की तीन गोष्टी पाळा: सांगितलेल्या वेळेआधी परत, होती त्याहून स्वच्छ परत, आणि परत देताना काम कसं झालं ते सांगायचं. ‘पंखा इतका काळा झाला होता की दोन वेळा पाणी बदललं.’ एवढं ऐकलं की काकूंना आपली शिडी कामी आल्याचं समाधान मिळतं. शिवाय एका शिडीपायी दार दोनदा उघडतं, एकदा नेताना आणि एकदा आणून देताना. ओळख वाढते ती बहुधा दुसऱ्या वेळी, कारण तेव्हा घाई नसते.

आता एक सूक्ष्म गोष्ट. शिडी परत करताना त्याच हाताने भेटवस्तू देऊन फिट्टंफाट करू नका. लगेच फेडलं की व्यवहार पुरा होतो आणि पुन्हा भेटायचं कारण उरत नाही. थोडं देणं अंगावर राहू द्या. दोन आठवड्यांनी त्यांचं एखादं काम आपणहून दिसलं तर करा: जड पिशवी वर नेणं, ऑनलाइन फॉर्म भरून देणं. शेजाऱ्यांमधला हिशोब कधीच अगदी बरोबर जुळत नाही, आणि तो जुळत नाही म्हणूनच येणंजाणं चालू राहतं.

तुमचा दुसरा ढीग आता बाहेर काढा. यादी दोन-तीन ओळखीच्या घरांना दाखवा: ‘यातलं काही लागलं तर विकत आणू नका, माझ्याकडून न्या.’ काय कोणाकडे गेलं ते एका वहीत लिहा, वस्तू, नाव, तारीख. हा अविश्वास वाटेल असं समजू नका. वही नसेल तर चार महिन्यांनी ड्रिल कोणाकडे आहे यावरून मनात संशय सुरू होतो, आणि तो वहीपेक्षा वाईट. पैसे मात्र या यादीत ठेवू नका. उसन्या पैशांनी तुटलेल्या ओळखी उसन्या शिडीने जुळत नाहीत.

पायरी ५: चार-सहा जणांचं काहीतरी नेमाचं

वर्षभर मागणं-देणं झालं की काही माणसं आपोआप पुढे येतात. त्यांच्याबरोबर महिन्यातून एक ठराविक वेळ धरा. निमित्त हातांना काम देणारं असावं. मार्टिन पोस्टमा यांनी २००९ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये दुरुस्तीचा पहिला मेळावा भरवला: लोकांनी बिघडलेल्या वस्तू आणायच्या आणि ज्यांना दुरुस्ती येते त्यांनी बरोबर बसून त्या नीट करायच्या. ही कल्पना पुढे अनेक देशांत गेली. तिच्यातली खुबी अशी की समोरासमोर बसून ‘बोला, काय म्हणता?’ असं करावं लागत नाही. उघडलेल्या पंख्यात दोघं डोकं घालून बसले की बोलणं आपोआप निघतं, आणि न निघालं तरी अवघडल्यासारखं होत नाही. अबोल माणसांना हे फार मानवतं.

निरोप असा धाडा: ‘दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, संध्याकाळी ५ ते ७, आमच्या घरी. उसवलेलं, बिघडलेलं काही असेल तर घेऊन या, नसलं तरी या. येणार की नाही ते कळवायची गरज नाही. सातला बंद.’

शेवटची दोन वाक्यं काढू नका. कळवावं लागलं की माणसं टाळतात. आणि सातला बंद म्हणजे सातलाच. उठायची वेळ ठाऊक असली की यायला सोपं जातं. खाण्यापिण्याचा घाट घालायचा नाही. एकदा एका घराने थाट केला की पुढच्या घराला तो पेलावा लागतो, आणि तिसऱ्या महिन्यात यजमान मिळेनासा होतो. घर आवरूनही ठेवू नका. पसारा दिसला की पाहुण्याला आपल्याही घरी बोलवायचा धीर येतो.

व्हॉट्सअ‍ॅप गट करायचाच असेल तर तो वस्तू आणि वेळ यांपुरता ठेवा. सुविचार, राजकारण आणि इकडून तिकडे पाठवलेले व्हिडिओ यांना पहिल्या दिवसापासून मनाई. ज्या गटात दिवसाला शंभर संदेश येतात तिथे ‘शिडी आहे का कोणाकडे?’ हा निरोप कोणी वाचत नाही.

सगळ्यांशी घट्ट नातं जोडायचा हट्ट नको. मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डन्बार यांच्या मते माणूस साधारण १५० माणसांशी खरं नातं टिकवू शकतो आणि त्यातली अगदी जवळची पाचेक असतात. या आकड्यावर संशोधकांत वाद आहे, पण ज्याला सर्वांशी जवळीक हवी त्याची दमछाक होते, हे कळायला आकडा लागत नाही.

पायरी ६: सामायिक सामानाचे नियम

गट टिकला की कोणीतरी म्हणतंच, ‘सगळ्यांची हत्यारं एका कपाटात ठेवू या.’ जरूर ठेवा, पण त्याआधी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं काम माहीत असू द्या. सामायिक कुरणं, पाटाचं पाणी, मासेमारीची ठिकाणं लोक पिढ्यान्‌पिढ्या कशी सांभाळतात याचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. १९९० साली त्यांनी अशा टिकलेल्या व्यवस्थांमधली आठ सामाईक लक्षणं मांडली, आणि २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. आपल्या कपाटापुरतं त्यातलं एवढं घ्यावं:

कोण सभासद आहे आणि कोण नाही, ते स्पष्ट असावं. नियम वापरणाऱ्यांनीच बसून ठरवावेत. वस्तूंची अवस्था कोणीतरी अधूनमधून बघावी, आणि तो बघणारा त्यांच्यातलाच असावा. चूक झाली तर पहिली शिक्षा किरकोळ असावी, पुन्हा पुन्हा झाली तरच वाढावी. आणि तंटा झालाच तर तो त्याच आठवड्यात, फुकटात, कुठे बसून मिटवायचा ते आधीच ठरलेलं असावं.

ड्रिल मोडलं तर काय, हे ड्रिल चालू असतानाच ठरवा. रोजच्या वापराने मोडलं तर खर्च सगळ्यांचा, हयगयीने मोडलं तर वापरणाऱ्याचा, इतकं सोपं ठेवलं तरी चालतं.

काही अडचणी, ज्या येतातच

शेजारपाजाराची एक काळी बाजू आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात तिथे चौकशा होतात, टोमणे होतात, कोण किती वाजता घरी आलं याची नोंद होते. त्यावर उपाय एकच: एका घरात कळलेली गोष्ट दुसऱ्या घरात न्यायची नाही. तुम्ही नेत नाही हे लोकांना कळायला वेळ लागतो, पण कळतं. एखाद्या माणसाजवळ असुरक्षित वाटत असेल तर ओळख वाढवायची सक्ती कोणाचीच नाही, आणि त्यासाठी कारण देत बसायचीही गरज नाही. सगळे लांबच वाटत असतील, कशातच मन लागत नसेल आणि आठवडेच्या आठवडे असेच जात असतील, तर मेळावे नंतर. आधी डॉक्टरांना भेटा.

गट जमला की तो हळूहळू एकाच वयाच्या, एकाच परिस्थितीतल्या लोकांचा होऊन बसतो. भाडेकरू, एकटे राहणारे वृद्ध आणि नुकतेच आलेले लोक बाहेर राहतात, कारण त्यांना बोलवायचं राहून जातं. त्यांच्या दारात गटावरचा निरोप पोचत नाही. जाऊन सांगावं लागतं, आणि एकदा नाही, दोन-तीनदा.

सगळं तुमच्याच गळ्यात पडायला लागलं, तर कपाटाची किल्ली दुसऱ्या घरी ठेवा आणि एक महिना सुट्टी घ्या. ‘तुम्ही नसलात तर होणार नाही’ असं लोक म्हणतील. नसेल होणार तर एक महिना न झाल्याने काही अडत नाही. झालं तर किल्ली परत मागू नका.

आणि शनिवारी कोणीच आलं नाही, तर दोन तास स्वतःचं उसवलेलं शिवत बसा, दार उघडं ठेवा. सलग तीन महिने असंच झालं तर वार बदला. तरीही कोणी फिरकलं नाही तर जागा बदला, घराऐवजी खालच्या बाकावर बसा. तिथे जाणारा-येणारा निदान विचारतो तरी, ‘काय करताय?’